फडकं पाणी का टिपत नाही?

भांडी पुसायचं फडकं ओल्या ताटावरून फिरवलं आणि पाणी टिपलं जाण्याऐवजी नुसतंच इकडचं तिकडे झालं, की दोष कापडाच्या माथी मारला जातो. बऱ्याचदा कापड चांगलं असतं, पण धाग्यावर भलतंच काहीतरी बसलेलं असतं. कारखान्यातली खळ, कापड हाताला मऊ लागावं म्हणून दिलेला सिलिकॉनचा थर, फॅब्रिक कंडिशनर, तेल, नाहीतर जड पाण्यातले क्षार. हे थर बसू द्यायचे नाहीत आणि बसलेच तर काढायचे, फडक्याची निगा म्हणजे मुख्यतः हेच काम. विकत घेतानाही जाडीच्या मोहात न पडता धागा, वीण आणि वरचं फिनिश बघावं लागतं.

सुती धागा म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. नेहमीच्या हवेत कोरडा वाटणारा कापूससुद्धा स्वतःच्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून असतो, लिनन १२ टक्क्यांच्या जवळपास आणि पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का. पण ताटावरचं पाणी उचलताना मोठं काम करतं ते केशाकर्षण. तंतूंमधल्या आणि धाग्यांमधल्या बारीक फटी पाणी आत खेचून घेतात. फटी बारीक असतील तर पाणी जास्त जोरानं ओढलं जातं, मोठ्या असतील तर जास्त मावतं. म्हणूनच खूप घट्ट विणलेलं गुळगुळीत कापड हाताला भारदस्त लागलं तरी पाण्यापुढे हात टेकतं, कारण त्यात फटीच उरलेल्या नसतात. आणि धाग्यावर मेणचट थर असेल, तर फटी असूनही पाणी आत शिरत नाही, थेंब होऊन वरच बसून राहतं.

वीण बघून घ्या

साधी सपाट वीण सगळ्यात बहुगुणी. एक धागा वर, एक खाली, काठाला दुहेरी दुमड. वजन दर चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम असेल तर ताटं, वाट्या, पातेली सगळ्यांना चालतं, लवकर वाळतं आणि धुवायला सोपं जातं. याहून पातळ, १०० ते १३० ग्रॅमचं मलमलीकडे झुकणारं फडकं काचेच्या ग्लासात आतपर्यंत जातं, पण पाच-सहा भांड्यांतच चिंब होतं. पातळ फडकी घ्यायची तर संख्येनं जास्त घ्यावी लागतात.

वॉफल वीण, म्हणजे खोलगट चौकोनांची जाळी असलेली, माझ्या मते भांड्यांसाठी सगळ्यात उत्तम. खड्ड्यांमुळे कापडाचा पृष्ठभाग वाढतो, पाणी त्यात मावतं, आणि वाळताना हवा खेळती राहत असल्यामुळे जाड दिसूनही लवकर सुकतं. तिची एक खोड आहे, ती इतर विणींपेक्षा जास्त आटते. नवं फडकं धुतल्यावर लांबी-रुंदी १० टक्के किंवा थोडी अधिकही कमी होऊ शकते. म्हणून ती दुकानात मोठी वाटेल अशीच घ्यावी. दुसरं म्हणजे किसणीच्या किंवा काट्याच्या टोकात तिचे लांब धागे अडकून ओढले जातात. ओढला गेलेला धागा कापू नका. सुईनं मागच्या बाजूला ओढून घ्या, नाहीतर तिथून भोक पडत जातं.

टर्किश, म्हणजे फासे असलेलं टॉवेलचं कापड, पाणी भरपूर पितं यात वाद नाही. पण ते वाळायला वेळ घेतं, तेल फाश्यांच्या बुडाशी जाऊन बसतं, सुरीचं टोक अडकतं आणि काचेवर तुसं राहतात. हात पुसायला आणि ओटा टिपायला टर्किश ठेवा, ताटा-ग्लासांना नको. एका बाजूचे फासे कापून मखमलीसारखी केलेली टर्किश फडकी दिसायला देखणी असतात. त्यांची मखमली बाजू पाणी कमी टिपते, फाश्यांची बाजू जास्त. असलं फडकं घरात असेल तर उलट्या बाजूनं वापरावं.

लिननची गोष्ट थोडी वेगळी. नवं असताना ते कडक असतं आणि पाणी जवळपास नाकारतं. पाच-सहा धुण्यांनंतर मऊ होतं आणि मग वर्षानुवर्षं टिकतं. त्याचे तंतू लांब असल्यामुळे तुसं फार कमी सुटतात, म्हणून काच आणि चकचकीत स्टील पुसायला त्याच्या तोडीचं दुसरं कापड नाही. अर्धं लिनन, अर्धं कापूस हाही चांगला मध्यममार्ग आहे. कापूस आणि लिनन दोन्ही ओले झाल्यावर आणखी बळकट होतात. व्हिस्कोज किंवा रेयॉन मात्र ओलं झालं की कमजोर पडतं. रेयॉनला बांबूचं कापड म्हणून विकलं जातं तेव्हा हे लक्षात ठेवा, कारण पिळून पिळून ते लवकर विरतं.

मायक्रोफायबर हे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचं, म्हणजे नायलॉनचं मिश्रण, साधारण ८० आणि २० टक्के. इथे तंतू इतके बारीक चिरलेले असतात की पाणी त्यांच्या मधल्या फटींतच धरलं जातं. काच चमकवायला छान. पण गरम पातेल्याला लागलं की वितळून कडक होतं, कंडिशनरनं फटी बुजतात, आणि सुती कपड्यांबरोबर धुतलं की त्यांची सगळी तुसं गोळा करून आणतं. शिवाय प्रत्येक धुण्यात प्लॅस्टिकचे बारीक तंतू पाण्यात सोडतं. स्वयंपाकघरात एखादं पुरे.

वजन छापलेलं नसेल तर घरच्या काट्यावर काढता येतं. ५० बाय ७० सेंटिमीटरच्या फडक्याचं क्षेत्रफळ ०.३५ चौरस मीटर. ते ७० ग्रॅम भरलं, तर ७० भागिले ०.३५, म्हणजे दर चौरस मीटरला २०० ग्रॅम. ४०० च्या वरचं काही भांड्यांसाठी घेऊ नये. एका जेवणाची भांडी पुसल्यावर ते दुसऱ्या जेवणापर्यंत वाळणार नाही आणि ओलं फडकं पुन्हा वापरलं जाईल.

दुकानात आणखी तीन गोष्टी बघा. कापड उजेडासमोर धरा. वीण सगळीकडे सारखी दिसायला हवी, विरळ पट्टे नकोत. मग कापडावर कापड जोरात चोळा. पांढरी भुकटी झडली किंवा कडकपणा तिथल्या तिथे मोडला, तर तो भरीवपणा खळीचा आहे, धुतल्यावर फडकं निम्मं वाटेल. तिसरी गोष्ट छपाईची. मोठमोठी रंगीत चित्रं असलेल्या फडक्यांवर रंग बहुधा चिकट माध्यमातून वर बसवलेला असतो. त्या जागी हात फिरवला तर किंचित रबरी किंवा खरखरीत लागतं, आणि तेवढ्या भागात पाणी शिरत नाही. मागची बाजू कोरी पांढरी असेल तर हाच प्रकार समजा. आधी सूत रंगवून मग विणलेल्या चौकड्या आणि पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, त्यांना ही अडचण नाही.

बोट ओलं करून दुकानात टिपून बघायची युक्ती सांगितली जाते, पण नव्या कापडावर तिचा भरवसा नाही. फिनिश लावलेलं उत्तम सुती फडकंही त्यात नापास होतं.

पहिली धुणी

कोरं फडकं थेट वापरायला काढू नका. आधी कोमट पाण्यात थोडी डिटर्जंट पावडर घालून अर्धा-पाऊण तास भिजवा, मग ६० अंश सेल्सिअसला धुवा. डिटर्जंट नेहमीच्या निम्मं आणि त्याबरोबर धुण्याचा सोडा. हातानं धुणार असाल तर १० लिटर पाण्याला दोन मोठे चमचे, साधारण ३० ग्रॅम. खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा या वेगळ्या वस्तू आहेत. खायचा सोडा फार सौम्य, या कामाला कमी पडतो. गडद रंगाची फडकी पहिल्यांदा वेगळी आणि ४० अंशांवरच धुवावीत. रंग पक्का व्हावा म्हणून मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवण्याचा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या फिरतो आहे. आजच्या कापडांचा रंग कारखान्यातच बसवलेला असतो, घरचं मीठ त्यात काही भर घालत नाही. सुटणारा जादा रंग दोन-तीन धुण्यांत आपोआप निघून जातो.

प्रत्येक धुण्यानंतर, पूर्ण वाळल्यावर, साधी चाचणी घ्या. फडकं वाटीच्या तोंडावर ताणून धरा आणि एक सेंटिमीटर उंचीवरून पाण्याचा एक थेंब सोडा. थेंबाची चमक दिसेनाशी होईपर्यंत सेकंद मोजा. एक-दोन सेकंदांत मुरला तर फडकं तयार आहे, पाचपर्यंत चालेल, त्याहून जास्त लागले तर पुन्हा गरम पाण्यातून काढा. कापडाच्या दोन-तीन जागी बघा, कारण फिनिश सगळीकडे सारखं बसलेलं नसतं. सुती फडक्याला बहुधा दोन-तीन धुणी पुरतात.

याच धुण्यांत कापड आटतं. सपाट वीण ५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ७० सेंटिमीटरचं फडकं साडेसहासष्टवर येतं. काठ चुणीदार झाला तर घाबरू नका. कापड सुती आणि शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा असला की कापड आटतं, दोरा आटत नाही. ओलसर असताना काठ हातानं ताणून वाळत घातला की बरंच सरळ होतं.

रोजच्या वापरात

एकाच फडक्यानं हात, ताट, ओटा आणि सांडलेलं सगळं पुसणं, हे खरं दुखणं. २०१८ मध्ये मॉरिशस विद्यापीठातल्या संशोधकांनी महिनाभर वापरलेली १०० स्वयंपाकघरातली फडकी तपासली, त्यातल्या ४९ फडक्यांवर जिवाणूंची वाढ आढळली. अनेक कामांना वापरलेल्या आणि दमट राहिलेल्या फडक्यांवर ई. कोलाय हे आतड्यातले जिवाणू जास्त सापडले. उपाय साधा आहे. कामागणिक वेगळा रंग ठरवा: भांड्यांना पांढरं, हातांना पट्ट्यांचं, ओट्याला गडद. घरातल्या सगळ्यांना पाठ व्हायला रंगासारखी खूण नाही. कच्च्या मांसाचं किंवा अंड्याचं पाणी सांडलं तर कागदानं टिपून टाकून द्या, फडकं तिथे नेऊच नका. आणि खरं सांगायचं तर वेळ असेल तेव्हा भांडी निथळत ठेवून वाळू देणं हेच सगळ्यात स्वच्छ. फडकं उरलेल्या थेंबांपुरतं.

किती हवीत याचा हिशोब करू. चार माणसांच्या घरात दिवसाला भांड्यांना दोन, हाताला एक, ओट्याला एक, म्हणजे चार. दर तीन दिवसांनी धुणार असाल तर बारा, आणि दोरीवर वाळत असतील तेव्हासाठी आणखी चार. सोळा. यापेक्षा कमी असली की कालचं ओलसर फडकं आज पुन्हा हातात येतं.

फडकं खुंटीला टांगलं की घड्या एकमेकींना चिकटून मधला भाग तासन्‌तास ओला राहतो. दांडीवर एकपदरी पसरून टाकलं तर तेच लवकर सुकतं. सिंकच्या नळावर किंवा ओव्हनच्या दांड्यावर घडी घालून लटकवण्याची सवय सोडा. दिवस संपला की भांड्यांचं फडकं बदलायचं, मग ते कितीही स्वच्छ दिसो. कुबट वास यायला लागला म्हणजे जिवाणू आधीच बस्तान बसवून आहेत. या वासामागे बहुतेकदा मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो. तो थंड पाण्यातल्या धुण्यातून वाचतो, म्हणून वाळल्यावर न येणारा वास फडकं ओलं झालं की परत येतो.

आणखी एक इशारा. ओल्या फडक्यानं गरम भांडं उचलू नका. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक वेगानं उष्णता वाहून नेतं, शिवाय आतल्या पाण्याची वाफ होऊन ती थेट बोटांवर येते. कोरडं असताना सहज चालणारं फडकं ओलं झालं की भाजतं.

धुताना

मळकी फडकी टोपलीत ओली कोंबू नयेत. लगेच धुणं होणार नसेल तर आधी वाळवा, मग टोपलीत टाका. ओल्या ढिगात वास तर येतोच, बुरशीचे काळे ठिपकेही पडतात, आणि ते ठिपके एकदा तंतूत उतरले की सहसा पूर्ण जात नाहीत.

धुणं दोन टप्प्यांत करणं फायद्याचं. एन्झाइमवाल्या डिटर्जंटमधले एन्झाइम तेल, स्टार्च आणि प्रथिनांचे डाग तोडतात, पण त्यांना कोमट पाणी मानवतं. एकदम उकळतं पाणी घातलं तर ते निकामी होतात आणि प्रथिनांचे डाग शिजून पक्के बसतात. म्हणून आधी ४० अंशांच्या आसपास तासभर भिजत ठेवा, मग ६० अंशांवर धुवा. मशीनचा ड्रम पाऊणपेक्षा जास्त भरू नका, कापडाला आपटायला जागा लागते. डिटर्जंट जास्त घातलं की फडकं जास्त स्वच्छ होतं हा गैरसमज आहे. न निघालेलं डिटर्जंट धाग्यावर चिकट थर करतं आणि पुढची मळ त्यालाच धरून बसते. खंगाळलेलं पाणी बुळबुळीत लागत असेल तर आणखी एकदा खंगाळा.

कंडिशनर फडक्यांना अजिबात नको. त्यातले धन भाराचे रेणू सुती धाग्याच्या ऋण भाराला चिकटतात आणि त्यांच्या मेणचट शेपट्या बाहेरच्या बाजूला राहतात. हाताला तेच मऊ लागतं, पाण्याला मात्र दार बंद. ड्रायरमध्ये टाकायच्या सुगंधी पट्ट्या हेच काम करतात.

पाणी जड असेल तर साबणाच्या वडीनं फडकी धुवू नका. कॅल्शियम, मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा पांढुरका चोथा बनतो आणि तो धाग्यात अडकतो. डिटर्जंट पावडर आणि थोडा धुण्याचा सोडा हा त्यावरचा उपाय. अधूनमधून, महिन्यातून एखादवेळा, शेवटच्या खंगाळण्यात १०० मिलिलिटर पांढरं व्हिनेगर घातलं की क्षार सुटतात. दर धुण्याला घालण्याचं कारण नाही, आम्लानं मशीनमधले रबराचे भाग कमकुवत होऊ शकतात. आणि व्हिनेगर कधीही क्लोरिन ब्लीचबरोबर एकत्र करू नये, विषारी क्लोरिन वायू तयार होतो.

ब्लीच मुळातच क्वचित वापरा. क्लोरिन ब्लीच सुती तंतू झिजवतं, वारंवार वापरलं तर फडकं लवकर फाटतं. पांढरी फडकी उजळवायची तर सोडियम परकार्बोनेट चांगलं. ते गरम पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं. द्रावण झाकणबंद भांड्यात ठेवू नका, वायू साचून झाकण उडतं. बाकी पांढऱ्या सुती फडक्यांना दहा मिनिटं उकळणं हा जुना उपाय आजही तितकाच खरा.

वाळत घालण्यापूर्वी फडकं दोन-तीनदा जोरात झटका. दोरीवर स्तब्ध वाळलेलं सुती कापड पापडासारखं कडक होतं, कारण तंतूंच्या मध्ये उरलेला थोडासा ओलावा त्यांना एकमेकांशी जोडून ठेवतो. झटकलं, अर्धवट वाळल्यावर एकदा चोळलं, की ते बंध मोडतात. हा कडकपणा पाणी टिपण्याच्या आड येत नाही. मऊपणासाठी कंडिशनर आणण्यापेक्षा हात थोडे चालवावेत. इस्त्री फक्त लिननला, तीही ओलसर असताना, आणि दर वेळी घडी वेगळ्या जागी घालावी, कारण एकाच रेषेवर दुमडत राहिलं की तिथले तंतू तुटतात. वॉफल आणि टर्किशला इस्त्री केली की त्यांचे खड्डे आणि फासे चपटे होतात.

ओशट, न टिपणारं फडकं परत कामाला आणणं

प्लॅस्टिकच्या बादलीत १० लिटर, ६० ते ७० अंशांचं पाणी घ्या. ॲल्युमिनियमचं भांडं नको, धुण्याचा सोडा त्याला खातो. हातमोजे घालून तीन मोठे चमचे, साधारण ४५ ग्रॅम, धुण्याचा सोडा आणि एक चमचा डिटर्जंट विरघळवा. धुतलेली फडकी त्यात बुडवा. दर अर्ध्या तासानं काठीनं ढवळा आणि पाणी पूर्ण गार होईपर्यंत, चार-सहा तास, ठेवा. स्वच्छ वाटणाऱ्या फडक्यांतूनही करडं, गढूळ पाणी निघतं. मग डिटर्जंट न घालता गरम पाण्यात एक धुणं. त्यानंतर थेंबाची चाचणी. अजूनही थेंब वर बसत असेल आणि तुमचं पाणी जड असेल, तर एक भाग व्हिनेगर आणि दहा भाग पाण्यात अर्धा तास भिजवून खंगाळा. क्रम बदलू नका आणि सोडा-व्हिनेगर एकत्र तर मुळीच घालू नका. फेस पुष्कळ येतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि बादलीत जवळजवळ नुसतं पाणी उरतं.

पिवळट, किंचित चिकट डाग मात्र बहुधा हटत नाहीत. खाद्यतेल हवेत आणि उष्णतेत हळूहळू घट्ट होऊन धाग्यावर वार्निशासारखं बसतं, ते सोड्यानं निघत नाही. तेलानं माखलेली फडकी आधी नीट न धुता ड्रायरमध्ये घालून गरम ढीग करून ठेवणं धोक्याचंही आहे. हवेतल्या ऑक्सिजनशी तेलाचा संयोग होताना उष्णता निघते, ती ढिगात अडकते आणि कापड आपोआप पेट घेऊ शकतं. अशी फडकी एकेक पसरून दोरीवरच वाळवा.

दोनदा हा उपचार करूनही वास परतला, किंवा उजेडासमोर धरल्यावर कापड जाळीदार दिसलं, तर भांड्यांच्या रांगेतून त्याला काढा. चार तुकडे करून सायकल, खिडक्या, चुलीभोवतीच्या पुसण्याला वापरा. टर्किशचे तुकडे करताना कडेला झिगझॅग शिलाई मारावी लागते, नाहीतर फासे सुटून घरभर तुसं होतात. सपाट विणीचे तुकडे तसेच चालतात, धागे दोन-तीन धुण्यांपुरते निघतात आणि मग थांबतात.